३० नोव्हेंबर १९३४ चं ४४७२ : ओओ मापातल्या इंजिनाच्या कामाच्या नोंदी

१४ जून २०२५

टेबलावर आज ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ या इंग्लंडमधल्या प्रसिद्ध वाफेच्या इंजिनाचं एक सेकंडहँड मॉडेल आलंय. ओओ माप, म्हणजे फुटाला ४ मिलिमीटर, रूळ १६.५ मिलिमीटरचे. मोटर इंजिनातच आहे, चाकं सरळ फिरतात, पुढचा एक बफर वाकलाय, तो बदलावा लागेल. रंग सफरचंदी हिरवा, कॅबवर (ड्रायव्हरच्या खोलीवर) ४४७२, दुहेरी चिमणी, स्मोकबॉक्सच्या (बॉयलरपुढच्या धुराच्या पेटीच्या) दोन्ही बाजूंना धूर वर ढकलणारे जर्मन पद्धतीचे पत्रे आणि मागे कॉरिडॉर टेंडर, म्हणजे कोळसा-पाण्याचा डबा, ज्यातून माणसाला जायला बोळ असतो.

हे रूप खोटं नाही. जतन केलेलं इंजिन अलीकडच्या काळात असं दिसायचं. १९९९ च्या मोठ्या दुरुस्तीनंतर ते हिरव्या रंगात पण दुहेरी चिमणीसह धावलं आणि पुढे पत्रेही चढले. पण रेल्वेच्या नोकरीत असताना हिरवा ४४७२ आकडा आणि दुहेरी चिमणी ही जोडी कधीच नव्हती. दुहेरी चिमणी बसली १९५९ च्या जानेवारीत. तेव्हा इंजिनाचा नंबर होता ६०१०३ आणि अंगावर ब्रिटिश रेल्वेचा गडद हिरवा रंग. पत्रे आले १९६१ च्या अखेरीस, आणि १९६३ च्या जानेवारीत इंजिन निवृत्त झालं. म्हणजे धुराचे पत्रे लावून ते कामावर राहिलं ते जेमतेम वर्षभर.

मला करायचंय ते ३० नोव्हेंबर १९३४ या एका दिवसाचं ४४७२.

१५ जून

हा दिवस का, ते एकदा नीट लिहून ठेवतो. पुढे कापाकापी करताना हात अडखळला की इथे परत येऊन वाचता येईल.

१९३३ मध्ये जर्मनीत बर्लिन–हॅम्बुर्ग मार्गावर डिझेलची ‘फ्लीगेंडर हॅम्बुर्गर’ धावू लागली आणि तिच्या वेगाची चर्चा सगळीकडे झाली. लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न रेल्वेनेही तशी गाडी घ्यायचा विचार केला. मुख्य यांत्रिक अभियंता नायजेल ग्रेसली. वाफेचं इंजिन खऱ्या डब्यांसह काय करू शकतं ते बघायला लंडन–लीड्स चाचणी ठरली, आणि त्यासाठी ४४७२ निवडलं. ड्रायव्हर बिल स्पार्शॅट. जाताना चार डबे, येताना सहा, त्यात वेग आणि ओढ मोजणारा डायनॅमोमीटर डबा. जाताना १८५.८ मैल १५२ मिनिटांच्या आत कापले. परतीच्या वाटेवर स्टोकच्या उतारावर, लिटल बाइथमच्या आसपास, मोजणीच्या कागदावर ताशी १०० मैलांची नोंद झाली. वाफेच्या इंजिनाची अशी पहिली रीतसर नोंदलेली शंभरी हीच. त्याआधी १९०४ मध्ये ‘सिटी ऑफ ट्रुरो’ या इंजिनाने १०० ओलांडल्याचा दावा होता, पण त्याला असा कागद नव्हता.

आणि मुद्दा इथे आहे. त्या दिवशी ४४७२ हे ए-१ वर्गाचं इंजिन होतं. बॉयलरचा दाब चौरस इंचाला १८० पौंड. त्याच्या आतला बॉयलर बदलून २२० पौंडांचा आला आणि ते ए-३ झालं ते १९४७ च्या सुरुवातीला, बारा वर्षांनी. चाचणीनंतर तीनच महिन्यांनी, मार्च १९३५ मध्ये, ‘पपायरस’ने १०८ गाठले, पण ते ए-३ होतं. तेव्हा ए-३ चं शरीर ठेवून त्यावर ४४७२ लिहायचं म्हणजे त्या जुन्या, कमी दाबाच्या बॉयलरने मिळवलेलं श्रेय दुसऱ्याच बॉयलरच्या खात्यावर टाकायचं. मला ते चालणार नाही.

म्हणून हे काम. इंजिन निवडायचं नाही, तारीख निवडायची. तारीख एकदा ठरली की चिमणी, डोम, नंबर, रंग, कॅबमधला माणूस, सगळं तिच्यामागून येतं.

२१ जून

आज तारखांवरून काय बदलायचं ते पक्कं केलं.

दुहेरी चिमणी जाणार, एकेरी येणार. पत्रे जाणार. बॉयलरवरचा लांबट ‘बँजो’ डोम (वाफ गोळा होणारा घुमट) जाणार, तिथे गोल डोम. स्मोकबॉक्सच्या वरच्या अंगाला दोन्हीकडे जे चौकोनी फुगवटे आहेत ते साफ करायचे. टेंडर मात्र राहणार! कॉरिडॉर टेंडर १९२८ मध्ये लागला आणि १९३६ पर्यंत होता, म्हणजे १९३४ ला तोच बरोबर. नंबर कॅबवर, टेंडरवर फक्त कंपनीची चार अक्षरं. हेही तारखेमुळेच. सुरुवातीला कंपनी नंबर टेंडरवर लिहायची, आणि वर्कशॉपमध्ये टेंडरांची अदलाबदल झाली की इंजिन एका नंबरचं आणि टेंडर दुसऱ्या नंबरचा असा घोळ व्हायचा. १९२८–२९ पासून आकडा कॅबच्या बाजूवर आला आणि प्रश्न मिटला.

स्मोकबॉक्सच्या दारावर नंबरप्लेट नको. ती १९४८ नंतरची, ब्रिटिश रेल्वेची पद्धत. १९३४ मध्ये समोरून नंबर दिसायचा तो फक्त लाल बफर बीमवर, म्हणजे बफर बसवलेल्या पुढच्या आडव्या पट्टीवर.

गाडीच्या नावाची पाटीही नको. ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ हे इंजिनाचंही नाव आणि लंडन–एडिंबरा गाडीचंही. इंजिनाला ते १९२४ मध्ये वेम्बलीच्या प्रदर्शनाच्या वेळी मिळालं, त्याआधी ते नुसतं १४७२ होतं. त्या दिवशी ते लीड्सच्या चाचणीवर होतं, त्या गाडीवर नव्हतं. म्हणून चाकाच्या कमानीवरची पितळी नावपट्टी राहील, पुढे पाटी लागणार नाही. बफरच्या वर दोन्हीकडे एकेक पांढरा दिवा मात्र हवा, तिकडच्या एक्स्प्रेस गाडीची ती खूण.

२९ जून

इंजिन उघडलं. शरीराखाली दोन स्क्रू, पुढे एक खाच. मोटर, चाकं आणि दांडे एका डब्यात बंद करून कपाटात ठेवले, आता रंग पूर्ण होईपर्यंत ते बाहेर येणार नाहीत. नावपट्ट्या पातळ पत्र्याच्या आहेत, ब्लेड आडवं सरकवून हळूच सोडवल्या आणि काचेवर टेपने चिकटवून ठेवल्या.

जुना रंग काढायला आयसोप्रोपिल अल्कोहोल. आधी शरीराच्या आतल्या बाजूला, जिथे कुणाला दिसणार नाही तिथे, कापसाच्या बोळ्याने लावून अर्धा तास वाट पाहिली. प्लास्टिक मऊ पडलं नाही, चिकट झालं नाही. मग झाकणाच्या डब्यात बुडवून ठेवलं. खिडक्या उघड्या आणि गॅस बंद, हे सांगायला नकोच.

रात्री जुन्या टूथब्रशने घासलं. हिरवा रंग साय निघावी तसा निघाला. पांढऱ्या रेघा सगळ्यात चिवट.

५ जुलै

चिमणी आणि पत्रे उतरवले. पत्रे सोपे, प्रत्येकी तीन खुंट्यांवर बसवलेले होते. दोन्ही पत्रे आणि दुहेरी चिमणी डबीत जपून ठेवली आहे, त्यांचंही काम निघणार आहे.

डोम एकाच साच्यात बॉयलरबरोबर ओतलेला आहे. ज्वेलरच्या बारीक करवतीने बॉयलरच्या गोलाईपासून थोडं वर कापलं, उरलेलं अर्धगोल कानशीने खाली आणलं. कानस लावताना बॉयलरच्या पट्ट्यांवर मास्किंग टेपचे तीन थर, कारण त्या पट्ट्या पुसल्या गेल्या तर परत तशा उठवणं कठीण.

१२ जुलै

आज फुगवट्यांचं काम, या प्रकल्पातलं सगळ्यात नाजूक.

ते फुगवटे कसले, ते समजल्याशिवाय हात लावू नये असं मला वाटतं. वाफ बॉयलरमधून निघाल्यावर सुपरहीटरच्या नळ्यांतून पुन्हा तापवतात, म्हणजे ती ओली राहत नाही आणि सिलिंडरमध्ये जास्त काम करते. या नळ्या जिथे एकत्र येतात ती ओतीव पेटी स्मोकबॉक्समध्ये आडवी बसते. ए-३ मध्ये सुपरहीटर मोठा केला, नळ्या वाढल्या, पेटी इतकी रुंद झाली की तिची टोकं स्मोकबॉक्सच्या बाहेर यायला लागली. म्हणून दोन्हीकडे झाकणं. लांबून ए-३ ओळखायची ही सगळ्यात खात्रीची खूण. ए-१ ची पेटी लहान, ती आतच मावायची, म्हणून स्मोकबॉक्स गुळगुळीत.

मॉडेलमध्ये हे फुगवटे आतून पोकळ आहेत, म्हणजे नुसते घासून काढले तर भोक पडणार. आतल्या बाजूने ०.५ मिलिमीटरच्या स्टायरीन प्लास्टिकच्या पट्ट्या गोलाईत वाकवून चिकटवल्या, रात्रभर सुकू दिल्या आणि मग बाहेरून कापलं. आता मागे आधार असल्यामुळे भोक उघडं पडलं तरी पुट्टी धरते.

१३ जुलै

पुट्टी भरली, ४०० नंबरचा पॉलिश पेपर, मग ८००, मग १२०० पाण्यात बुडवून. स्मोकबॉक्स काळा मॅट असतो, लोकांना वाटतं त्यावर खपून जाईल. खपत नाही. मॅट काळ्यावर तिरका उजेड पडला की खड्डा आधी दिसतो. बोटाच्या टोकाने डोळे मिटून फिरवून बघतो, बोटाला जे लागतं ते डोळ्याला आठवड्याने दिसतं.

२० जुलै

डोमसाठी रविवार पेठेतल्या एका लेथवाल्या काकांकडे गेलो. घड्याळजी वापरतात तसला छोटा लेथ आहे त्यांच्याकडे. कागदावर दहापट मोठं चित्र काढून नेलं होतं. काकांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, “हे वरचं डोकं गोल पायजे का चपटं?” नेमका तोच प्रश्न महत्त्वाचा. सुरुवातीची ए-१ इंजिनं जुन्या ग्रेट नॉर्दर्न रेल्वेच्या मापाने उंच बांधली होती. कंपन्या एकत्र झाल्यावर ती उत्तरेकडच्या मार्गांवरही जावीत म्हणून चिमणी, डोम आणि कॅबची उंची कमी केली. त्यामुळे मला उंच नाही, बसका डोम हवाय, वरून किंचित दबलेला. “म्हणजे पगडी नको, टोपी,” काका म्हणाले आणि पितळेचा रॉड लावला.

खालची बाजू बॉयलरच्या गोलाईला बसायला हवी. घरी येऊन बॉयलरभोवती पॉलिश पेपर गुंडाळला, वर डोम धरून पुढे-मागे घासला. असा घासला की बूड आपोआप त्याच बॉयलरच्या मापाचं होतं.

एकेरी चिमणी मात्र तयार, पितळी ओतकामाची, इंग्लंडहून पाकिटाने मागवलेली. ती या आठवड्यात आली.

२ ऑगस्ट

शरीर आता एकसंध दिसतंय. बॉयलरच्या कडेचे जाड प्लास्टिकचे कठडे काढून ०.४५ मिलिमीटरच्या पितळी तारेचे लावले. गाठींच्या जागी बारीक वळलेल्या खुंट्या. पिन-वाइसने एकेक भोक हाताने पाडलं. ड्रिल मशीन लावायचा मोह होतो, पण प्लास्टिक वितळून बिट अडकतो.

टेंडरची मागची बाजूही जवळून बघितली. कॉरिडॉर टेंडर ही ग्रेसलीची फार देखणी कल्पना. १ मे १९२८ पासून लंडन–एडिंबरा ३९२ मैल न थांबता जायचं ठरलं, पण एकच ड्रायव्हर आणि एकच फायरमन आठ तास कसे राबणार? म्हणून टेंडरच्या एका अंगाने १८ इंच रुंद आणि ५ फूट उंच बोळ काढला. मागच्या डब्यातून दुसरी जोडी त्यातून इंजिनात यायची, यॉर्कच्या उत्तरेला टोलर्टनपाशी, धावत्या गाडीत. माझ्या मापात तो बोळ ६ मिलिमीटर रुंद आणि २० मिलिमीटर उंच. मागच्या जोडदारावरचा भाता साच्यात सपाट आला होता, तो काढून काळ्या कागदाच्या घड्या घालून नवा केला.

१० ऑगस्ट

प्राइमर. राखाडी, एअरब्रशने, दोन पातळ थर. फुगवट्यांच्या जागी डाव्या बाजूला नखाएवढी एक रेघ अजून जाणवते. पुन्हा पुट्टी, पुन्हा १२००, पुन्हा प्राइमर.

१७ ऑगस्ट

हिरवा आज मारणार नाही. पुण्यात सलग पाऊस आहे, हवेत दमटपणा इतका की खिडकीच्या काचेवर थेंब. झटपट उडणारा थिनर उडताना पृष्ठभाग गार करतो, गार पृष्ठभागावर हवेतलं पाणी बसतं आणि रंगावर पांढुरकी झाक येते. गाड्यांना रंग मारणारे अशा दिवसांत रिटार्डर घालतात, म्हणजे थिनर सावकाश उडतो. ते चारचाकीच्या दारावर ठीक. पाव मिलिमीटरचे तपशील असलेल्या प्लास्टिकवर जास्त वेळ ओला राहणारा रंग कोपऱ्यांत साचतो. थांबलेलं बरं. गणपतीही आलेच.

१४ सप्टेंबर

विसर्जन झालं, टेबल परत मोकळं. पाऊस आहे, रंग नाही. तोवर रंगाचा अभ्यास.

सफरचंदी हिरवा म्हणजे नेमका कोणता, यावर वाद घालणाऱ्यांची कमी नाही. दोन कंपन्यांच्या तयार बाटल्या शेजारी ठेवल्या तर एक पोपटीकडे झुकते, दुसरी शेवाळीकडे. १९३४ ची रंगीत छायाचित्रं आधाराला घ्यावीत तर ती बहुतेक नंतर हाताने रंगवलेली. कृष्णधवल छायाचित्रं पुष्कळ आहेत, पण त्यांच्यावरून रंग ठरवताना एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. त्या काळी ऑर्थोक्रोमॅटिक प्लेटा सर्रास वापरात होत्या. त्यांना लाल रंग दिसतच नाही, तो काळा उमटतो. त्यामुळे जुन्या छायाचित्रात लाल बफर बीम काळा दिसतो आणि पायपट्टीच्या काळ्या कडेवरची बारीक लाल रेघ तर पूर्ण नाहीशी होते. ती रेघ छायाचित्रात नाही म्हणून इंजिनावर नव्हती असं म्हणून मॉडेलवरून काढून टाकलेली मी पाहिली आहे, आणि त्याचं वाईट वाटतं. रेघ होती. काळ्या चौकटीवर लाल रेघ हा त्या कंपनीच्या हिरव्या इंजिनांचा नियमच होता.

माझा निर्णय: तयार हिरव्यात पांढऱ्याचे थोडे थेंब. इतक्या लहान वस्तूवर खरा रंग जसाच्या तसा मारला तर तो जड आणि गडद दिसतो, कारण खऱ्या इंजिनाकडे आपण लांबून, मधल्या हवेतून बघतो. नमुन्याच्या पट्ट्या रंगवून एक ट्यूबलाइटखाली, एक पिवळ्या दिव्याखाली आणि एक सकाळच्या गॅलरीत ठेवून पाहिली. गॅलरीतली खरी मानली.

११ ऑक्टोबर

हवा कोरडी झाली. हिरवा मारला.

आधी प्राइमरवर पांढऱ्याचा अगदी पातळ थर, कारण राखाडीवर हिरवा मरतो. मग हिरवा, बॉयलर, कॅब, टेंडरच्या बाजू, सिलिंडरची झाकणं आणि चाकांचे आरे. सिलिंडर हिरवे, हे लिहून ठेवतो. पातळ थर, मधे वीस-वीस मिनिटं. शेवटच्या थरानंतर उलट्या प्लास्टिकच्या डब्याखाली झाकून ठेवलं, धूळ नको.

१८ ऑक्टोबर

स्मोकबॉक्स, पायपट्टी, चौकट काळी. बफर बीम लाल. कॅबचं छप्पर काळं मॅट.

दिवाळीच्या आदल्या गडबडीत एवढंच.

१ नोव्हेंबर

रेघा. यासाठीच इतके महिने थांबलो होतो असं वाटतंय.

बॉयलरच्या प्रत्येक पट्टीवर काळी पट्टी आणि तिच्या दोन्ही कडांना पांढरी रेघ. कॅब आणि टेंडरच्या बाजूंना काठाने काळी पट्टी, तिच्या आतून पांढरी रेघ, कोपरे गोल. चाकांचे आरे हिरवे, कडा काळी आणि मधे पांढरी रेघ. खऱ्या इंजिनावरच्या रेघेची जाडी तंतोतंत ७६ पट लहान केली तर ती डोळ्याला दिसणारच नाही, म्हणून थोडी जाड करावी लागते. किती जाड, तिथे नजर लागते. बाजारातल्या बऱ्याच मॉडेलांवर ती इतकी जाड असते की इंजिनाने दोरखंड गुंडाळल्यासारखं वाटतं.

सरळ रेघांसाठी तयार ट्रान्सफर (चिकटवायच्या छापील रेघा) वापरले, वळणांसाठी रूलिंग पेन. पेनच्या दोन पात्यांमधलं अंतर ठरवायचं, एनॅमल थोडा पातळ करायचा आणि पात्यांमध्ये ब्रशने एक थेंब सोडायचा. आधी काचेवर ओढून बघायचं. काचेवर रेघ एकसारखी आली की लगेच इंजिनावर, मधे थांबलं तर टोकाला रंग सुकतो. हात टेकायला लाकडी ठोकळा इंजिनाच्या उंचीचा करून घेतला आहे. श्वास सोडल्यावर आणि पुढचा घेण्याआधी जो क्षण असतो त्यात रेघ ओढतो.

टेंडरच्या पुढच्या वळणाची रेघ आज बघत बसावी अशी आली आहे. खालून वर जाते आणि कॅबच्या रेघेला बरोबर जिथे भेटायला हवी तिथे भेटते.

८ नोव्हेंबर

आकडे आणि अक्षरं. सोनेरी, सेरिफ असलेली, बाजूला सावली दिलेली. सरळसोट गिल सॅन्स अक्षरं या इंजिनांवर पुष्कळ नंतरची. आकड्यांची उंची १२ इंच, म्हणजे माझ्याकडे ४ मिलिमीटर. पाण्याचे ट्रान्सफर, खाली ग्लॉस वार्निश आधीच दिलं होतं म्हणून हवा राहिली नाही. मऊ करणारं द्रावण लावल्यावर कॅबच्या रिवेटवर अक्षर असं बसलं की जणू रंगवलंय.

बफर बीमवर डावीकडे ‘नं.’ची इंग्रजी खूण, उजवीकडे ४४७२.

नावपट्टी परत जागेवर. मधल्या चाकाच्या कमानीवर.

१५ नोव्हेंबर

शेजारच्या इमारतीत राहणारे एक काका दौंडच्या शेडमध्ये फायरमन होते, पुढे ड्रायव्हर झाले. त्यांना कॅब दाखवायला नेली. आत दोन माणसं चिकटवली आहेत, ड्रायव्हर उजवीकडे. काकांनी भिंग लावून पाहिलं आणि लगेच म्हणाले, “हा चुकीच्या बाजूला उभा आहे की रे. ड्रायव्हर डावीकडे.”

“आपल्याकडे डावीकडे, काका. डब्ल्यूपी-डब्ल्यूजी इंजिनांत डावीकडेच. पण ही ग्रेट नॉर्दर्नच्या परंपरेतली इंजिनं, त्यांच्यात ड्रायव्हर उजवीकडे असायचा. या इंजिनाला डावीकडे आणलं १९५४ मध्ये.”

“गाडी कुठल्या अंगाने चालते त्यांची?”

“डाव्याच.”

काका थोडा वेळ गप्प बसले. “मग सिग्नल डाव्या बाजूला. एवढा लांब बॉयलर मधे. वळणावर ह्याला काय दिसणार? फायरमननेच ओरडून सांगायचं.” मग हसले. “म्हणजे शंभरच्या वेगात त्याचे डोळे फायरमनच. फायरमन कोण होता?”

त्यांना सांगण्यासारखं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मॉडेलमधल्या फायरमनला मी फावडं दिलं होतं. घरी आल्यावर तो सोडवून डाव्या खिडकीशी उभा केला, मान बाहेर, पुढे बघणारा. काकांचं म्हणणं मला पटलं.

१६ नोव्हेंबर

कोळसा. साच्यातला प्लास्टिकचा ढीग कापून काढला आणि खाली उतरता तळ केला, खरा टेंडर कोळसा फायरमनकडे घरंगळावा असाच असतो. खऱ्या टेंडरात ९ टन मावायचा.

इस्त्रीवाल्याकडचा लोणारी कोळसा मिळायला सोपा, पण तो चालत नाही. तो लाकडाचा, कुटला तरी मऊ काळाच दिसतो. दगडी कोळशाच्या तुटलेल्या अंगाला चमक असते, आणि ती तुकडा मिलिमीटरभर झाला तरी टिकते. पुण्याबाहेर एका लोहाराकडून मूठभर आणला, फडक्यात बांधून हातोडीने कुटला, चहाच्या गाळणीने चाळला. मोठे तुकडे पुढे, चुरा मागे. पातळ केलेला फेव्हिकॉल ड्रॉपरने सोडला. काकांनी फोटो पाहून कळवलं, “चांगला कोळसा आहे, राख कमी पडेल.”

२३ नोव्हेंबर

मळवणं. इथे हात आखडता घेतला. चाचणीचं इंजिन घासूनपुसून आणलेलं असणार, डायनॅमोमीटर डबा जोडून वरिष्ठ अधिकारी बसणार म्हटल्यावर कुणी ते मळकं धाडत नाही. कॅबच्या छपरावर आणि टेंडरच्या वरच्या काठावर काजळीचा हलका फवारा, दांड्यांवर तेलाची गडद चमक, चाकांच्या कडेला ब्रेकची तपकिरी धूळ. एवढंच. हिरव्याला हात लावला नाही. वर सॅटिन वार्निश, कारण पूर्ण ग्लॉस खेळण्यासारखा दिसतो आणि मॅटने रेघांचा जीव जातो.

७ डिसेंबर

सगळं परत जोडलं. इंजिन आणि टेंडरमधला दांडा बदलून अंतर कमी केलं, कारखान्यातून तीव्र वळणांसाठी जास्त ठेवलेलं असतं. आता कॅबच्या मागे पोकळी दिसत नाही. पुढे बफरच्या वर दोन पांढरे दिवे. वाकलेला बफर बदलला.

एका मित्राच्या मोठ्या मांडणीवर चालवलं. त्याची वळणं मोठ्या त्रिज्येची आहेत म्हणून कमी केलेलं अंतर अडलं नाही. सहा टीकचे (सागवानी) डबे मागे, कारण उतारावर शंभरी गाठली तेव्हा सहाच होते. त्यांत डायनॅमोमीटर डब्याच्या जागी तूर्त साधाच डबा. तो डबा आधीच्या नॉर्थ ईस्टर्न रेल्वेचा, आणि त्याचं चांगलं मॉडेल मिळवणं हे वेगळं काम आहे.

मित्राची मुलगी नववीत आहे. कोथरूडच्या जोशींच्या मिनिएचर रेल्वेत लहानपणी पाहिलेल्या गाड्यांनी तिला हे वेड लागलं. तिने यॉर्कच्या रेल्वे संग्रहालयातल्या खऱ्या इंजिनाचा फोटो फोनवर काढून शेजारी धरला आणि एकेक फरक मोजत बसली. चिमणी, डोम, फुगवटे तिने स्वतः शोधले. ड्रायव्हरची बाजू मी दाखवली. “म्हणजे शंभर केलं ते हे, आणि यॉर्कला उभं आहे ते नंतरचं,” ती म्हणाली. इंजिन एकच, आतलं बरंच काही बदललेलं. हो, अगदी तसंच.

१४ डिसेंबर

डबीतली दुहेरी चिमणी आणि जर्मन पत्रे आज बाहेर काढले. दुसरं एक मोडकं ए-३ शरीर स्वस्तात मिळालंय, फुगवटे शाबूत, बँजो डोम शाबूत. त्यातून १९६२ च्या उन्हाळ्यातलं ६०१०३ करायचं. गडद हिरवा, नारिंगी-काळ्या रेघा, स्मोकबॉक्सच्या दारावर नंबरप्लेट, ड्रायव्हर डावीकडे, आणि या वेळी भरपूर काजळी, कारण ती नोकरीची शेवटची वर्षं होती. टेंडर मात्र कॉरिडॉरचा चालणार नाही. १९३८ पासून निवृत्तीपर्यंत त्याच्यामागे गोलसर अंगाचा, बोळ नसलेला टेंडर होता. तो शोधायला सुरुवात केली आहे.